श्वास घ्या, धरा आणि दुसऱ्या खोलीत जा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलंय खरं, पण सध्या प्रत्यक्षात घालता येणार नाही. डाव्या कुशीवर भार पडला की कळ येते. तेव्हा खुर्चीत बसूनच घातला असं समज.) इकडे सगळं ठीक आहे असं पत्रात लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची झोप अजून टीव्हीसमोर लागते आणि अंथरुणावर उडते का? त्यांना माझा नमस्कार सांग, पण हे पत्र वाचायला देऊ नकोस. ते मोठ्याने वाचतात. आणि तुझा तो खोकला गेला, पण खोल श्वास घेतला की छातीत दुखतं, हे मला परवा हिच्याकडून कळलं. मला नाही सांगितलंस, भावजयीला सांगितलंस. बरोबरच आहे. सख्खा भाऊ उभा जन्म लोकांच्या छातीचे एक्स-रे काढतोय, तेव्हा छातीतलं दुखणं त्याला कशाला सांगायचं! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते हेच.

फोनच केला असता. पण आमच्या घरात फोनवर बोललेलं दुसऱ्या खोलीत ऐकू जातं, आणि सध्या 'दुसरी खोली' हे शब्द नुसते मनात आले तरी माझी कळ वाढते. ही मला असंही म्हणाली की तू फिल्म काढायला आमच्या दवाखान्यात येणार आहेस, आणि ती 'त्या नव्या मुलाकडे' काढणार आहेस. हे शब्द तुझे की हिचे, मला ठाऊक नाही. विचारलंही नाही. मला या पत्रातून काहीही मागायचं नाही, हे आधीच स्पष्ट करतो. फक्त दोन्ही बाजू तुझ्या कानावर असाव्यात.

तर तो 'नवा मुलगा'. मुलगा कसला! डोक्यावर माझ्यापेक्षा केस कमी, आणि तरी मला काका म्हणतो. आमच्याकडे एक्स-रेची एकच खोली होती तोवर सगळं सुरळीत होतं. मग थोरल्या डॉक्टरांनी दुसरं मशीन घेतलं, आणि मशीनवर फुकट मिळाल्यासारखा हा माणूस आला. आवाज असा की पाठीवरून रेशीम फिरवल्यासारखं वाटावं. मी त्याचं नाव रेशीमराव ठेवलंय (मनातल्या मनात. एकदा तोंडातून निसटलं, तर तो लाजून 'थँक्यू काका' म्हणाला. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?) हा पेशंटला 'श्वास घ्या' असं सांगत नाही. विचारतो. 'आता एक छान मोठा श्वास घेऊ या का?' अगं, विचारायचं काय त्यात? उद्या पेशंट नको म्हणाला तर काय पुढच्या आठवड्यात घेणार?

माझी पद्धत तुला माहीत आहे. छाती प्लेटला, हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे, आणि मी शिशाच्या काचेमागून गरजतो: श्वास घ्या, अजून, अजून, धरा, हलू नका. आणि मी नुसता गरजत नाही, पेशंटबरोबर स्वतः श्वास घेतो आणि धरतो. प्रत्येकाबरोबर. स्वतःला जमत नाही ते दुसऱ्याला सांगू नये, हे एक. आणि दुसरं म्हणजे माझा जीव कासावीस झाला की समजायचं, पेशंटचाही झाला असणार, आता 'सोडा' म्हणायला हरकत नाही. या पद्धतीत घड्याळ लागत नाही, गोड बोलणं लागत नाही, फक्त फुप्फुसं लागतात. माझी फिल्म कधी दुसऱ्यांदा काढावी लागली नाही. थोरले डॉक्टर माझी फिल्म बघून 'हं' म्हणत, आणि तीच दाद समजून मी इतकी वर्षं समाधानाने काढली. गेल्या महिन्यात त्यांनी रेशीमरावाची एक फिल्म बघितली आणि ते 'वा' म्हणाले. मी तिथेच उभा होतो. ताई, त्यांना 'वा' म्हणता येतं हेच मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून माझं लक्ष कशात नाही. कानामागून आला आणि तिखट झाला, असं मी कुणापाशी बोललो नाही, पण बघणाऱ्याला दिसतंच. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणून मी वाट बघितली. ते नऊ दिवस कधीच संपले, आणि अजून रांग त्याच्याच दाराशी. माझ्या दाराशी येतात ते बोर्ड चुकून वाचणारे. परवा एक आजीबाई आत आल्या, मला बघितलं आणि म्हणाल्या, ते दुसरे नाहीत का? मी म्हटलं, आहेत, पण त्यांच्याकडे वेळ लागेल. त्या म्हणाल्या, मला काही घाई नाही. चहासुद्धा आधी त्याच्या खोलीत जातो आणि मग माझ्याकडे, तोवर त्यावर साय धरते. लोक म्हणतील याच्या पोटात दुखतंय. नाही. पोट अगदी उत्तम आहे.

मग मीही जिद्दीला पेटलो. त्याच्या पेशंटच्या फिल्मवर दहा बरगड्या मोजता येतात ना, माझ्या पेशंटच्या अकरा मोजता आल्या पाहिजेत. (खोल श्वास घेतला की छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली सरकतो आणि बरगड्या जास्त दिसतात, हे आमचं परीक्षेचं गणित.) मी आवाज वाढवला, आणि आवाजाबरोबर स्वतःचा श्वासही वाढवला. काचेमागे मी असा फुगायचो की एका पेशंटने मलाच विचारलं, तुम्हाला बरं वाटतंय ना? त्यात त्याचा श्वास सुटला. पण तो अपवाद.

आता खरी गोष्ट. एका दुपारी रेशीमराव जेवायला गेला असताना मी त्याच्या खोलीत डोकावलो. (शिशाचा एप्रन शोधत होतो. एप्रन माझ्या अंगावरच होता, ही नंतर लक्षात आलेली गोष्ट.) स्क्रीनवर छातीची एक फिल्म होती. चूक काढायच्या इराद्याने जवळ गेलो. चूक सापडेना. खांदे बाजूला, श्वास पूर्ण, कुठे हललेली नाही. आणि मग माझी नजर गळ्याखालच्या आडव्या हाडावर गेली. डाव्या बाजूला, मधोमध, एक गाठ. जुनं मोडलेलं, जरासं वाकडं जुळलेलं. लग्नाआधी शिडीवरून पडली होती ना, तेव्हाचं. लोक आपल्या बायकोला चालीवरून ओळखतात, आवाजावरून ओळखतात. मी हाडावरून ओळखली. कोपऱ्यातलं नाव वाचायची गरजच नव्हती. (नंतर वाचलं. तेच होतं.)

ताई, तू कल्पना कर. भिंतीच्या अलीकडे मी कुणाच्या तरी गुडघ्याची फिल्म काढत बसलोय आणि पलीकडे माझी बायको त्या रेशमी आवाजावर श्वास घेतेय, धरतेय आणि सोडतेय. माझ्या आवाजावर तिने आजवर कधी श्वास धरला नाही. माझा आवाज चढला की ती श्वास सोडते, तोही मोठ्याने. शिंप्याच्या बायकोने समोरच्या शिंप्याकडे कपडे टाकले तर चार लोक काय म्हणतील? मी त्या स्क्रीनपुढे किती वेळ उभा होतो कोण जाणे. दोन्ही फुप्फुसं वरपासून खालपर्यंत बघितली, पुन्हा बघितली, कडा बघितल्या, कोपरे बघितले. कुठे काही दिसलं नाही, पण माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. माझे हात गार पडले होते. सगळं रागाने, दुसरं काही नाही.

घरी गेलो. ही खोकत खोकत भाजी निवडत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आज कुठे बाहेर गेली होतीस का? म्हणाली, बाहेर म्हणजे, जराशी. मी म्हटलं, जराशी म्हणजे कुठे? म्हणाली, तुमच्याच बाजूला. ताई, खोटं नाही बोलली ती, हेच मला जास्त लागलं. पुढे मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. अळीमिळी गुपचिळी. आपलेच दात, आपलेच ओठ. जेवताना मी फक्त एवढं म्हटलं की हल्ली लोकांना आरडाओरडा सहन होत नाही, गोड बोलणारे आवडतात. तिने विचारलं, मीठ कमी आहे का?

दुसऱ्या दिवशी माझं दुखणं सुरू झालं. पहिलाच पेशंट ट्रकचालक, छाती दाराएवढी. मी गरजलो, त्याने घेतला, मीही घेतला, आणि डाव्या बरगडीखाली कुणीतरी दाभण खुपसल्यासारखं झालं. 'सोडा' म्हणायलाही जमेना. तो बिचारा धरूनच उभा. अर्धा श्वास घेतला तर काही नाही, पाऊण घेतला तरी चालतं, पूर्ण घ्यायला गेलो की कळ. शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे. आणि माझा धंदा काय, तर दिवसभर पूर्ण श्वास.

दुखणं लपत नाही. वॉचमन म्हणाला, माझ्या मेहुण्याला अस्संच झालं होतं. पुढे काय झालं विचारलं तर म्हणाला, जाऊ द्या. काउंटरवरच्या बाईंनी लगेच मोबाइल काढून छाती दुखण्याची कारणं वाचायला घेतली: स्नायू ताणला असेल, बरगडीच्या कुर्चेला सूज असेल, बरगडीला तडा असेल, न्यूमोनिया असेल, फुप्फुसावरच्या पातळ आवरणाला सूज असेल, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली असेल, नाहीतर हृदयाच्या आवरणाला सूज असेल. प्रत्येक कारणाला माझ्याकडे बघायच्या आणि मान हलवायच्या, जणू मापाचा सदरा शोधताहेत. घरी हिने माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, वात आहे असं मी म्हणणार नाही, उद्या आधी डॉक्टरांना दाखवा. मला बरं वाटलं. मग वाटलं, हिला छातीच्या दुखण्यातलं इतकं कसं कळायला लागलं? ते कुणाकडून कळलं, हे मनात येऊन पुन्हा कळ आली.

थोरल्या डॉक्टरांनी बरगड्या दाबून बघितल्या. एका जागी मी ओरडलो. हृदयाचा आलेख काढला, पाय सुजलेत का बघितलं, ताप, खोकला, धाप विचारली. म्हणाले, दाबल्यावर दुखतंय म्हणजे बहुतेक स्नायूचं किंवा बरगडीचं असेल, पण अंदाजावर राहायचं नाही, फिल्म काढून घ्या. मी म्हटलं, घेतो. आणि मग माझ्या लक्षात आलं की बटण काचेमागे आणि प्लेट काचेपुढे, आणि मी एकच.

गेलो दुसऱ्या खोलीत. काय करणार? रेशीमरावाने दार उघडून धरलं. काका, या, बसा, दमलात का. मी म्हटलं, बसायला आलो नाही. स्वतःच प्लेटला छाती लावली, हनुवटी वर, हात कमरेवर. त्याने काही सांगायच्या आत सगळं करून मोकळा. तो आत गेला आणि काचेमागून तो आवाज आला: आता एक छान मोठा श्वास घेऊ या का? आणि ताई, इतक्या वर्षांची सवय, प्लेटसमोर उभं राहिल्यावर माझ्या तोंडून आपोआप गर्जना झाली: श्वास घ्या, अजून, अजून, धरा, हलू नका! बोलता बोलता माझा सगळा श्वास बाहेर, आणि नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं. फिल्म आली ती बघवेना. बरगड्या जेमतेम सात, फुप्फुसं आखडलेली आणि हृदय फुगल्यासारखं. अर्ध्या श्वासाच्या फिल्मवर हृदय मोठं दिसतं, हे मीच हजारो पेशंटना रागावून सांगितलंय. रेशीमराव हसला असता तर मी त्याला माफ केलं असतं. तो म्हणाला, काका, चूक माझी, मी जरा घाई केली. पुन्हा काढू या. माझी फिल्म, दुसऱ्यांदा. आणि दुसऱ्या वेळी मी ओठ घट्ट मिटून त्याच्या आवाजावर श्वास घेतला. दुखत होतं तरी पूर्ण घेतला गेला. कसं बोलतो कोण जाणे. दहा बरगड्या आल्या. मी मोजल्या.

डॉक्टरांनी फिल्म बघितली, 'वा' म्हणाले (माझ्या फुप्फुसांना म्हणाले असं मी धरून चाललोय), आणि मग मला विचारलं, दिवसभर पेशंटबरोबर श्वास कोण घेतो? बरगड्यांमधले स्नायू ताणलेत म्हणाले. गोळी, शेक, आणि महिनाभर गर्जना बंद. आणि पुढे अगदी सहज म्हणाले, घरात दोघांचं एकच झालं की; वहिनींचं त्या लांबलेल्या खोकल्याने, तुमचं ओरडण्याने. फिल्म दोघांच्याही स्वच्छ आहेत. ताई, त्या दिवसापासून मला गाढ झोप लागते. पण जाग आली की पहिला विचार तोच: खोकला लांबला, छाती दुखायला लागली, फिल्म काढायची ठरली, आणि तरी माझ्या दाराशी न येता ती पलीकडच्या दाराशी का गेली? माझ्या हातात काय कमी होतं?

एवढंच सांगायचं होतं. मनात काही ठेवू नकोस. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, स्वतःला जप.

तुझा (सध्या हळू बोलणारा) भाऊ

ता. क. काही मागायचं नाही म्हटलं होतं, पण एक लहानशी गोष्ट. तू येशील तेव्हा फिल्म माझ्या खोलीत काढ. मी गरजणार नाही. त्याच्यासारखं 'घेऊ या का' असंही विचारीन, हवं तर दोनदा विचारीन. एकीने परक्याकडे जावं आणि दुसरीनेही तिच्यामागे जावं, हे दवाखान्यात बरं दिसत नाही.

दुसरा ता. क. पाकीट डिंकाने चिकटवत होतो तेवढ्यात ही आली. म्हणाली, इतकं लांबलचक काय लिहिलंत ताईंना? आणि माझ्या तोंडून निघून गेलं. विचारलं सरळ. तिने डिंकाच्या बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाली:

"तुमच्या खोलीत फिल्म डॉक्टरांच्याही आधी तुम्हाला दिसते. काही वाईट असतं तर ते तुम्हाला एकट्याला बघावं लागलं असतं. आणि मग बाहेर येऊन मला, 'डॉक्टर सांगतील', असं म्हणावं लागलं असतं. ते तुम्हाला जमलं नसतं हो."

'डॉक्टर सांगतील'. रोज कितीतरी जणांना मी हे म्हणतो, त्यांच्याकडे न बघता म्हणतो. ताई, तुला आता हे कळलंच असेल, त्या दुपारी मी तिची फिल्म एकट्यानेच बघितली. हिला ते सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तिसरा ता. क. वरची विनंती रद्द. तू फिल्म पलीकडेच काढ. मी बाहेर बाकावर दाजींच्या शेजारी बसेन. तो श्वास घेऊ या का विचारेल तेव्हा हो म्हण. आणि लांबणीवर टाकू नकोस, याच आठवड्यात ये. ताप आला, चालताना धाप लागली किंवा खोकल्यातून रक्त दिसलं, तर माझ्या मानापमानाची आणि गाडीच्या तिकिटाची वाट न बघता तिथल्याच मोठ्या दवाखान्यात त्याच दिवशी जा.

आणि फिल्म चांगली आली तर त्याचं कौतुक दाजींपाशी कर. माझ्यापाशी नको.